सत्तेचाळीस नंबरचा सातू

सत्तेचाळीस नंबरचा सातू माझ्या हातून संपला. आता तो कुठल्या शेतात नाही आणि कुठल्या शीतकपाटातही नाही. ज्या बाईंनी तो वाढवला त्या ठाण्याच्या नौपाड्यात राहायच्या. त्यांना हे सांगायला मी नको तितका उशीर केला. ऑफिसात आता या विषयावर कोणी बोलत नाही, घरी बोललो की बायको म्हणते, "पुरे झालं हो आता." म्हणून लिहितो आहे.

सातू म्हटलं की आपल्याकडे भाजलेल्या गहू-डाळ्याचं पीठ आठवतं, गूळ घालून कालवतात ते. मी म्हणतोय तो सातू म्हणजे जव, औषधांच्या दुकानात बार्ली म्हणून पुडीत मिळतो तो. त्याच्या दाण्याला साल घट्ट चिकटलेली असते. मळणीत ती सुटत नाही. गिरणीत दाणा घासून काढावी लागते, आणि सालीबरोबर दाण्यातलं बरंच चांगलंही निघून जातं. पण सातूचा एक प्रकार असा आहे की मळताना गव्हासारखी त्याची साल गळून पडते आणि दाणा उघडा हातात येतो. हिमालयातल्या उंच खोऱ्यांत लोक पिढ्यान्‌पिढ्या तोच खातात. त्याची अडचण उत्पन्नाची. काडी उंच आणि नाजूक, जरा वारा सुटला की पीक आडवं. शिवाय काट्यावर ठेवला की बिनसालीचा दाणा सालवाल्यापुढे हलकाच भरतो, कारण सालीचंही वजन असतंच.

वागळे इस्टेटमधली आमची कंपनी पिठं आणि न्याहारीचे पदार्थ बनवते. जुन्या मालकांना सातूचं वेड होतं. बिनसालीचा आणि तरी भरपूर पिकणारा सातू आपल्याकडे तयार व्हावा म्हणून त्यांनी एका विद्यापीठातून बाईंना आणलं, गोदामाच्या मागे दोन खोल्या आणि एक थंड खोली दिली. मी तिथे बाईंचा सहायक म्हणून लागलो तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. पुढे माझी मुलगी नोकरीला लागली तरी आम्ही त्याच खोल्यांत तोच सातू निवडत होतो.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड जातं, कारण त्यात काही घडताना दिसत नाही. बाईंनी डोंगराकडचा एक बिनसालीचा सातू आणि मैदानातला एक बुटका, ताठ, सालीचा सातू यांचा संकर केला. त्या संकरातून शेकडो ओळी निघाल्या, म्हणजे शेकडो वेगवेगळे वंश, प्रत्येकाला एक नंबर. प्रत्येक हिवाळ्यात आम्ही त्या उत्तरेत भाड्याच्या जमिनीवर पेरायचो, पाहायचो आणि त्यातल्या बहुतेक टाकून द्यायचो. एखादी ओळ उत्पन्नाला छान, पण साल अर्धी चिकटलेली. एखादीची साल सुरेख सुटते, पण काडी लोळते. एखादीत दोन्ही चांगलं, तर दाणा बारीक. वर्षामागून वर्षं टाकून देण्यात जातात आणि माणूस त्याला काम म्हणतो.

सत्तेचाळीस ही ओळ टाकावी लागली नाही. बुटकी, ताठ, ओंबी खालपर्यंत भरलेली, आणि मळली की दाणा स्वच्छ. किंचित जांभळट तपकिरी रंग. बाई तिच्याविषयी 'ती' म्हणूनच बोलायच्या. "तिला पाणी लवकर दिलंस का?" असं फोनवर विचारलं की शेजारी बसलेल्या माणसाला वाटायचं, घरातल्या कुणाची तरी चौकशी चाललीय.

बाई निवृत्त झाल्या आणि विभाग माझ्याकडे आला. विभाग म्हणजे मी. त्याच सुमारास जुने मालक गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला. त्याला वाईट म्हणणार नाही. त्याला फक्त प्रत्येक गोष्टीचा शेवट कधी, हे विचारायची सवय होती. उत्तरेतल्या भाड्याच्या जमिनी त्याने सोडल्या आणि बी बाहेर कुणाला द्यायचं नाही असा नियम घातला. तो नियम मी इतका मनापासून पाळला की बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मूठभर बी मागितलं तेव्हा त्यालाही नाही म्हणालो. तेव्हा दिलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

सातूचं सगळं काम मग कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्याला लागून असलेल्या एका शेतावर आलं. हा सातूचा मुलूख नव्हे, इथली थंडी त्याला पुरत नाही. पण त्या उबेतही सत्तेचाळीस बऱ्यापैकी यायची. जमीन एका आगरी काकांची. त्यांच्या बाकीच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, एवढा तुकडा त्यांनी भातासाठी हौसेने राखला होता. भात निघाला की हिवाळाभर तो आम्हाला. पहिल्या वर्षी ओंब्या आल्या तेव्हा, जवाची बिअर होते हे ऐकून असलेले काका बांधावर उभे राहून म्हणाले, "सायेब, यो खावाचा हाय का पियाचा?"

"खायचा, काका."

"पियाचा असल तं आमाला पयला सांगा. राखण आमची हाय."

बाई निवृत्त झाल्या तरी तेव्हा शेतावर यायच्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "राखण तुमची, म्हणूनच खायचा सांगतोय."

आता पिशवीचं सांगतो. सगळं त्या पिशवीपाशीच येतं.

बाईंचा एक रिवाज होता. कापणीच्या आदल्या दिवशी त्या वाफ्यातून फिरायच्या आणि सत्तेचाळीसची खरी लक्षणं असलेल्या, उत्तम भरलेल्या ओंब्या हाताने खुडून मांजरपाटाच्या पिशवीत टाकायच्या. पिशवी भरेपर्यंत कुणी विळा लावायचा नाही. त्या ओंब्या मळणी यंत्रात जायच्या नाहीत. सावलीत वाळवून बाई त्या तळहातांत चोळायच्या आणि सुपात पाखडायच्या. पुढच्या वर्षीचं मूळ बी ते. कारण सोपं होतं. सालीच्या दाण्याचा कोंब सालीखाली झाकलेला असतो. बिनसालीच्या दाण्याचा कोंब टोकाशी उघडाच, जरासा वर आलेला. यंत्राचा फटका बसला की दाणा दिसायला तसाच चांगला राहतो आणि आतून मरतो. हे आम्हाला पाठ होतं. नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मीच ते शिकवलं होतं.

पण पिशवीत काढलेल्या ओंब्या म्हणजे वाफ्यातल्या सगळ्यात भारी ओंब्या. त्या काढल्या की वाफ्याचं वजन तेवढं कमी भरतं. बाईंनी कधी त्याची पर्वा केली नाही. "कमी भरू दे," म्हणायच्या, "आपल्याला माहीत आहे ना किती पिकलं ते."

बाईंचं शेतावर येणं थांबलं त्यानंतरच्या हिवाळ्यात मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं. पलीकडच्या वाफ्यात सालीचा, बाजारात चालणारा सातू लावलेला होता, तुलनेसाठी. मालक म्हणाला, "सर, मला बाकी काही समजत नाही. आपला सातू त्या सातूइतका भरतो का, एवढं सांगा. भरला तर पुढे नेऊ, देशभरच्या चाचण्यांना पाठवू. नाही भरला तर बंद. पिठाचे दोन मोठे व्यापारी कापणीला घेऊन येतो, त्यांना दाणा दाखवा."

"सालीशिवाय तेवढा भरणं म्हणजे..."

"तेच तर तुम्ही इतकी वर्षं करताय ना?"

देशभरच्या चाचण्यांना बीही भरपूर लागणार होतं. म्हणून मी त्या वर्षी शीतकपाटातलं सत्तेचाळीसचं राखीव बीही सगळं पेरलं. बाईंना फोनवर तसं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळं? बरं. मग पिशवी तेवढी नीट भर."

पिशवी मी नीट भरली, हे मला इथे लिहायचं आहे. आदल्या दिवशी एकटाच वाफ्यात फिरलो, ओंबी ओंबी पाहून खुडली, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. काडी सकाळी दमट होती. दोन दिवस ऊन मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण व्यापारी दुपारी यायचे होते.

यंत्र लावलं. दमट काडीमुळे पहिल्या खेपेला दाण्यांना सालीचे तुकडे आणि कुसळं चिकटून आली. दाखवायला नेण्यासारखा दाणा नव्हता. मी ड्रमचा वेग वाढवला आणि खालची जाळी आवळली. मग दाणा असा स्वच्छ पडू लागला की मलाच बरं वाटलं. ढीग काट्यावर घातला. सालीच्या सातूपेक्षा थोडासा कमी भरला. अगदी थोडासा. मी दाण्यांत हात घालून उभा होतो. पिशवी यंत्राच्या दांड्याला टांगलेली होती.

तेव्हा मनात काय चाललं होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला वाटलं, या ओंब्या याच वाफ्यातल्या आहेत. त्या धरल्या तर उत्पन्न खरंच तेवढं आहे. धरल्या नाहीत तर आकडा खोटा ठरेल आणि त्या खोट्या आकड्यावर बाईंची सगळी वर्षं बुडतील. हे सगळं खरंच होतं. एवढ्या खऱ्या कारणांनी मी सुतळी सोडली आणि पिशवी यंत्रात ओतली. वेग कमी करायचंही राहून गेलं. मूळ बी ढिगातूनच चांगलं निवडून घेऊ, असं त्या क्षणी ठरवलं. यंत्रातून गेलेल्या ढिगातून मूळ बी निवडता येत नाही, हे त्या शेतावर माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

वजन बरोबरीला आलं, कणभर वरच. व्यापाऱ्यांनी दाणे हातावर घेऊन पाहिले, एकाने दाताखाली फोडून पाहिला. "पॉलिश मारल्यासारखा आहे," तो म्हणाला. मालकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. काका लांबून बघत होते. ते लोक गेल्यावर जवळ आले नि म्हणाले, "आज पार्टी कुनाची?" मी सगळ्यांसाठी कल्याणहून मिठाई मागवली.

त्या आठवड्यात मी उगवण चाचणी लावली. ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी उभी करून ठेवायची, आणि काही दिवसांनी उलगडून पाहायचं. साधं काम आहे. उलगडलं तेव्हा दाणे फुगले होते आणि तसेच पडून होते. कुठे कुठे एखादं मूळ बाहेर येऊन वळलं होतं, कोंब नव्हता. गुंडाळीला बुरशीचा वास येत होता.

ताजा सातू कधी कधी झोपलेला असतो. काढल्यावर काही काळ उगवतच नाही. थंडाव्यात ठेवला की जागा होतो. मी त्या गोष्टीला धरून बसलो. दाणे फ्रिजमध्ये ठेवले, पुन्हा गुंडाळी लावली, पुन्हा ठेवले.

बाईंच्या किडन्या तेव्हा गेलेल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी त्या आणि त्यांची वहिनी, दोघीच. भाऊ वारल्यापासून दोघी एकत्र राहायच्या आणि सारख्या एकमेकींना टोमणे मारायच्या. मी गेलो तर वहिनींनी दार उघडलं.

"ये. केळी आणलीस? तिला चालत नाहीत. मला चालतात, दे इकडे."

आतून बाई म्हणाल्या, "त्याला आधी आत तरी येऊ दे."

बाई पलंगावर उशीला टेकून बसलेल्या. हात सुजलेला, पट्टी लावलेला. कंपनीतून कुणीतरी त्यांना वजनाचं कळवलं होतं. चेहरा उजळलेला होता. "बरोबरीला आली म्हणे."

"हो."

"सालीशिवाय." मग विचारलं, "उगवण?"

मी म्हणालो, "झोपलंय अजून."

"ती फार झोपत नाही कधी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फ्रिजमध्ये ठेवलंस?"

"ठेवलंय."

"मग होईल."

वहिनी बशी घेऊन आल्या. "अगं, त्या सातवाचं उगवू दे नाही तर न उगवू दे. तू आधी औषध घे."

त्यानंतर मी दोनदा गेलो आणि दोन्हीदा 'बघतोय' म्हणालो. खरं तर तोपर्यंत मी दाणे भिंगाखाली पाहिले होते. दाण्यामागून दाणा, टोकाशी तीच चीर, तोच ठेचल्यासारखा डाग. ज्यांना मूळ फुटलं होतं ते कुंड्यांत लावले, त्यातलं एकही पानावर आलं नाही. चाचण्यांसाठी दिलेलं सत्तेचाळीसचं नाव मी परत घेतलं. मालकाला खरं काय ते सांगितलं. तो पेन फिरवत म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे पीठ आहे, बी नाही."

"हो."

"ठीक आहे. मग आता नाचणी बघू या." त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी ठाकुर्लीला मी जेवून लगेच उठायचो. बायकोला सगळं माहीत होतं. ती एकदा म्हणाली, "त्या बाई रोज वाट बघत असतील. तुम्ही इथे वाट बघताय की त्या विचारायच्या थांबतील. आजारी माणसाशी असं वागतात का?"

"सांगितल्यावर त्यांना काही झालं तर?"

"हे त्यांच्यासाठी म्हणताय की तुमच्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून सरळ नौपाड्यात गेलो. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सांगून टाकलं. दमट काडी, ड्रमचा वेग, आवळलेली जाळी. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं त्यांना झोप लागली.

मग त्यांनी विचारलं, "पिशवी?"

"पिशवी पण ओतली."

"यंत्रात?"

"हो."

"का रे?"

"वजन कमी भरत होतं, बाई."

"किती?"

मी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. तेवढंच होतं ते. बाईंनी त्या ओंजळीकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं. वहिनी आल्या, त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, हातातली औषधांची पिशवी खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "आज तू जा."

नंतर बरेच दिवस बाईंनी माझा फोन उचलला नाही. वहिनी उचलायच्या. "ती झोपलीय." एकदा म्हणाल्या, "जागी आहे, पण झोपलीय असं सांग म्हणाली. मला खोटं जमत नाही." मी नुसता गोखले रोडपर्यंत जाऊन परत यायचो. रसवंतीवर रस प्यायचो आणि स्टेशनकडे वळायचो.

मग एका सकाळी बाईंचाच फोन आला. आवाज खोल गेलेला. कसा आहेस वगैरे काही नाही.

"आई-बाप आहेत का कपाटात?"

मला कळायला एक क्षण लागला. त्यांना संकराचे मूळ पालक म्हणायचे होते. डोंगराकडचा आणि मैदानातला. ते बी बाईंनीच हाताने चोळून ठेवलेलं होतं आणि शाबूत होतं.

"आहेत."

"पेर मग."

"बाई, तेच आई-बाप घेतले तरी सत्तेचाळीस परत यायची नाही."

"ते मला सांगतोस?" श्वास ऐकू येत होता. "ती गेली. तिचं भावंड येईल. कसं असेल कुणास ठाऊक. पण आधी पेर."

मालकाने थंड खोलीतला एक कोपरा दिला. नाचणीचं काम झाल्यावर, माझ्या वेळात, या अटीवर. बाहेर ठाण्याचा उन्हाळा आणि आत मी स्वेटर घालून कुंड्यांपुढे बसलेलो. रोपं दिव्यांखाली वाढली आणि ओंब्या पानांच्या पोटात आल्या.

संकर करायचा तर सातूचं फूल उमलायच्या आधीच उघडावं लागतं. तुसाचं टोक कापायचं, आतले तीन हिरवे परागकोश चिमट्याने अलगद काढायचे, आतल्या पिसासारख्या भागाला धक्का लागू द्यायचा नाही, ओंबीवर बटरपेपरची पिशवी घालायची. दोनेक दिवसांनी दुसऱ्याच्या पिकल्या ओंबीचे पराग तिच्यावर झटकायचे. हे मी तरुणपणी दिवसभर करायचो. आता चष्म्यातूनही ते तीन कोश मला नीट दिसेनात. प्रयोगशाळेचे चिमटे जाड वाटू लागले म्हणून मी बायकोचा भुवयांचा चिमटा मागितला.

"घ्या," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या सौंदर्याची वस्तू तुम्हाला हवीशी वाटली."

बहुतेक ओंब्या मी बिघडवल्या. थोड्यांत मोजके दाणे धरले, सुरकुतलेले, किडके दिसावेत असे. बाईंना सांगितलं. "सुरकुतलेले चालतात," त्या म्हणाल्या. "नीट वाळव." त्या आता बोलता बोलता थकायच्या. माझ्यावर रागावल्या आहेत का, हे मी कधी विचारलं नाही. विचारून त्यांना उत्तर द्यायला लावणं हीही एक मागणीच झाली असती. त्यांनी स्वतःहून कधी पिशवीचा विषय काढला नाही, आणि माफ केलं असंही कधी म्हणाल्या नाहीत.

ते दाणे मी पावसाळ्यानंतर कुंड्यांत लावले. सगळे उगवले. रोज सकाळी आल्या आल्या आधी थंड खोलीत जायचो. मालकाने एकदा दारातून डोकावून विचारलं, "यातून आपला सातू कधी मिळणार?"

मी मनात हिशेब मांडला. निवडीची वर्षं, उत्पन्नाच्या चाचण्यांची वर्षं, आणि माझ्या निवृत्तीला उरलेली वर्षं. आधीची बेरीज नंतरच्यापेक्षा बरीच मोठी होती. "वेळ लागेल," म्हणालो. तो मान हलवून गेला.

ओंब्या पिकल्या तेव्हा बाई घरीच होत्या. डायलिसिस झेपत नव्हतं म्हणून बंद केलं होतं. डॉक्टरांनी वहिनींना काय सांगितलं ते वहिनींनी मला जिन्यात सांगितलं होतं. मी एक ओंबी कापून कागदात गुंडाळली आणि नौपाड्यात घेऊन गेलो.

खोलीत फिनेलचा वास होता. बाई अगदी लहान झाल्या होत्या. मी ओंबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठ्याने खालून वर चाचपली, मग एक दाणा सोडवून अंगठा आणि बोटात धरून चोळला. पुष्कळ वेळ चोळला. मला माहीत होतं काय होणार. साल निघाली नाही.

बिनसालीचा गुण पहिल्या पिढीत दिसतच नाही. आई-बापांपैकी एक सालीचा असला की पहिल्या पिढीची सगळी झाडं सालीचेच दाणे देतात. उघडा दाणा आत दडून राहतो. तेच दाणे पुन्हा पेरले की दुसऱ्या पिढीत चौथ्या हिश्श्याच्या झाडांवर तो परत येतो. हे बाईंनीच मला शिकवलेलं. तरी त्या सालीवर त्यांचा अंगठा फिरताना पाहून मला वाटलं, निदान ही एक पिढी ओलांडून मला उघडा दाणा आणता यायला हवा होता.

"साल आहे," मी म्हणालो. माफी मागितल्यासारखंच म्हणालो.

"असणारच." आवाज अगदी बारीक. मग, "पुढचं कधी पेरशील?"

"या आठवड्यातच."

"सगळं?"

त्या एकाच शब्दाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही बाई. अर्धं ठेवतो."

त्यांनी डोळे मिटले. ओंबी हातातच होती. वहिनी म्हणाल्या, "राहू दे तिच्याकडे. मी बघते."

बाई त्यानंतर चौथ्या दिवशी गेल्या. जवाहरबागेच्या स्मशानात आम्ही थोडेच लोक होतो. काका कल्याणहून आले होते, पांढरा शर्ट घालून. ते मला म्हणाले, "बाय मला म्हनलेली, यंदा पन जमीन ठेवा. ठेवलीय मी." मी त्यांना सांगितलं नाही की मालकाने त्या जमिनीचं भाडं बंद केलंय. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मंग भाडं कोनी मागला?"

तेराव्याला वहिनींनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या हातात रुमालाची घडी होती. त्यात ती ओंबी. कुसळं बरीच मोडली होती, दाणे शाबूत. "उशीखाली होती," त्या म्हणाल्या. "अंथरूण काढताना सापडली. टाकायची की तुला द्यायची, हे तिला विचारायचं राहून गेलं. म्हणून तुला."

दुसरी पिढी सध्या कुंड्यांत आहे, पोपटी, वीतभर. थंड खोली येत्या उन्हाळ्यात काढायची असं मालकाने ठरवलं आहे. तिथे नाचणीच्या पिठाचं गोदाम होणार आहे. तोवर ओंब्या यायला हव्यात. चौथ्या हिश्श्यात उघडा दाणा येईल हे नक्की. त्यातला एखादा सत्तेचाळीसच्या जवळ जाईल का, हे पाहायला मी तिथे नसेन. काकांच्या जमिनीवर पुढच्या हिवाळ्यात माझ्या रजेत पेरायचं ठरवलं आहे. बायको म्हणते, येते मीही.

मागे ठेवलेलं अर्धं बी मी मांजरपाटाच्या पिशवीत घालून डब्यात बंद केलं आणि घरच्या फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं आहे. बाईंच्या उशीखालची ओंबीही त्याच पिशवीत आहे. ती मी मळलेली नाही.